एकाच घराण्यातले दागिने: हाताने बनवलेल्या दागिन्यांचं पहिलं कलेक्शन कसं उभं करावं

संक्रांतीचे हलव्याचे दागिने जवळून पाहा. मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, नथ, जावयाच्या हातातला गुच्छ आणि नारळ. प्रकार वेगळे, मापं वेगळी, अंगावरच्या जागा वेगळ्या. तरी काळ्या साडीवर घातले की सगळे एका हातचे वाटतात. कारण बनवणारीने स्वतःला फार थोडी मोकळीक दिलेली असते: पांढरा काटेरी हलवा, दोरा, थोडी जर, कुठे लाल मणी. बस्स.

आता एखाद्या प्रदर्शनातला नवखा स्टॉल आठवा. टेराकोटाचे झुमके, शेजारी ऑक्सिडाइज्ड नथ, पलीकडे रेझिनची पेंडंट्स, कोपऱ्यात रेशमी दोऱ्याच्या बांगड्या. एकेक वस्तू उचलली तर सुबक असते. पण बायका येतात, "छान आहे हो" म्हणतात आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. पाच जणींचा माल एका टेबलावर मांडल्यासारखं ते दिसतं, आणि त्यात बनवणारीचा चेहरा दिसत नाही.

कलेक्शन म्हणजे मॅचिंग सेट नव्हे. सेटमधला हार, कानातलं आणि अंगठी एकमेकांची नक्कल असतात आणि एकत्रच विकले जातात. कलेक्शनमधला प्रत्येक दागिना एकटाही उभा राहतो, आणि दुसऱ्याशेजारी ठेवला की नातं दिसतं. हे नातं काय वापरायचं यापेक्षा काय वापरायचं नाही, यावर जास्त ठरतं. पुढच्या पायऱ्यांत मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय: पितळी जवमणी (जवाच्या दाण्याच्या आकाराचे मणी), मोती आणि एक डाळिंबी रंग.

पायरी १: कोण घालणार, कधी घालणार

एका वाक्यात लिहून काढा. "कॉटनच्या कुर्त्यावर आणि साध्या साडीवर, ऑफिसला घालता येतील असे हलके, मराठी वळणाचे दागिने." एवढं पुरतं. पुढे प्रत्येक निर्णय या वाक्यापुढे उभा करायचा. ऑफिसला जाणारी बाई कीबोर्डवर आपटणारं कडं घालणार नाही, म्हणजे जाड कडं बाद. "सगळ्यांसाठी" असं लिहिलंत तर ही चाळणीच हातात राहत नाही.

पायरी २: एकच आकार पकडा आणि तो पिळून काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्या जुन्या दागिन्यांत ही युक्ती भरून राहिलेली आहे. बकुळीहारात बकुळीचं फूल, बोरमाळेत बोराएवढे सोन्याचे मणी, जवेच्या पोतीत दोन्ही टोकांना निमुळता जवाचा दाणा. एक छोटा आकार घ्यायचा आणि तोच पुन्हापुन्हा ओवत जायचं. कोल्हापुरी साजात उलट आहे. त्याच्या पानांत मासा, कासव अशी वेगवेगळी चिन्हं येतात. परंपरेने एकवीस पानं सांगतात. पण पानांचं आकारमान सारखं आणि मधले मणी सारखे, म्हणून इतकी चिन्हं एका माळेत नांदतात. म्हणजे रस्ते दोन आहेत: आकार एक ठेवून मांडणी बदला, किंवा चौकट एक ठेवून आतलं चित्र बदला. पहिल्या कलेक्शनला पहिला रस्ता सोपा.

जव घेतला तर त्याचं काय काय करता येईल? उभा लोंबता ठेवला की कानातलं. आडवे ओळीने ओवले की गळ्यालगतची माळ. पाच-सहा दाणे टोकाला टोक लावून गोल मांडले की फूल, त्याची कुडी किंवा अंगठी. दोन दाणे तिरके जोडले की पान. एकच मोठा जव बारीक साखळीत आडवा बसवला की रोजचं पेंडंट. वही घ्या आणि एका आकाराच्या किमान वीस मांडण्या काढा. दहाव्या-बाराव्या चित्रापर्यंत आधी कुठेतरी पाहिलेलंच हातातून उतरत असतं. खरी मजा त्यानंतर सुरू होते. वीस निघतच नसतील तर तो आकार तुमच्यासाठी नाही, दुसरा घ्या.

मोर, कमळ आणि गणपती हे तीन आकार पहिल्या वेळी टाळा, असं माझं स्पष्ट मत. सुंदर आहेत, पण साच्यातले तयार तुकडे बाजारात इतके मिळतात की तुमचं काम त्या गर्दीत ओळखूच येणार नाही.

पायरी ३: साहित्याची यादी मुद्दाम तोकडी ठेवा

एक धातूचा रंग, दोन प्रकारचे मणी, एक ठळक रंग आणि एकच तऱ्हेचा दोरा किंवा साखळी. आपल्या उदाहरणात मॅट सोनेरी पितळ, ६ मिमी आणि ३ मिमी मोती, डाळिंबी काचमणी आणि डाळिंबीच दोरी. चमकतं सोनेरी आणि मॅट सोनेरी हे दोन वेगळे धातू आहेत असं समजा. एकाच माळेत दोन्ही आले की गडबड लगेच दिसते.

दुकानात पाय ठेवला की यादी फाटते, हा सगळ्यांचा अनुभव. मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्या, पुण्यात रविवार पेठ, कोल्हापुरात गुजरी. मण्यांच्या लडी लटकलेल्या दिसल्या की हात आवरत नाही. म्हणून यादीबरोबर रंगाचा नमुनाही न्या: डाळिंबी कापडाचा तुकडा, एक जवमणी आणि एक मोती, छोट्या पिशवीत. प्रत्येक वस्तू त्या पिशवीशेजारी, दुकानाबाहेरच्या उजेडात धरून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली डाळिंबी आणि किरमिजी सारखेच दिसतात.

पहिल्या फेरीत फक्त नमुन्यापुरतं घ्या. डिझाइन पक्कं झाल्यावर मात्र पूर्ण कलेक्शनला पुरेल एवढं एकदम घ्या, कारण काचमण्यांची आणि मोत्यांची छटा लॉटगणिक थोडी बदलते. दोन महिन्यांनी "तेच" मणी आणले तर ते तेच नसतात.

मोत्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवख्या मुली इथे फसतात. स्वस्त मोती म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चढवलेला लेप. भोकाच्या कडेला नीट बघा. लेप तिथे उचकटलेला किंवा सालपटासारखा निघालेला दिसला तर तो मोती अत्तर आणि घामाने लवकर उघडा पडणार. खरा मोती, अगदी गोड्या पाण्यातला संवर्धितसुद्धा, दातावर हलकेच घासला तर किंचित खरखरीत लागतो. लेपाचा बहुतेक वेळा गुळगुळीत. काचेचे मोती वापरायला काही हरकत नाही, चांगल्या प्रतीचे टिकतातही. पण कार्डावर "काचेचे मोती" असंच लिहा. "मोती" एवढंच लिहून गप्प बसणं म्हणजे लपवाछपवी.

नवरात्र आलं की नऊ दिवसांच्या नऊ रंगांची मागणी सुरू होते. एक ठळक रंग ठेवून काम करणारीने त्या मोहात पडू नये. नऊ रंगांत तोच दागिना काढलात तर नऊपट माल पडून राहण्याची सोय करता.

पायरी ४: कागदावर खऱ्या मापात

चौकटीच्या कागदावर दागिना खऱ्या आकारात काढा. मग तो कापा आणि आरशासमोर कानाशी, गळ्याशी धरा. कागदावर नाजूक वाटलेलं साडेतीन इंची कानातलं खांद्याला टेकतंय, हे तिथेच कळतं आणि मणी वाया जात नाहीत. सगळी कापलेली चित्रं टेबलावर एकत्र पसरा आणि डोळे किंचित मिटून बघा. एखादं वेगळंच ओरडत असेल तर ते काढून बाजूच्या पाकिटात ठेवा. पुढच्या कलेक्शनला उपयोगी पडेल.

पायरी ५: किती दागिने, कोणते

पहिल्यांदा नऊ ते बारा डिझाइन्स भरपूर झाली. त्यात एक किंवा दोन मोठे दागिने असावेत. ते कमी विकले जातील, पण लोक थांबतील ते त्यांच्याचसाठी. आपल्या उदाहरणात असा मोठा दागिना म्हणजे तीन पदरी जवमाळ, मधे डाळिंबी मण्यांचा ठिपका. त्याखाली तीन-चार मधल्या किमतीचे: गळ्यालगतची एकपदरी माळ, जवाच्या फुलाचं पेंडंट, मोती-जवाचं ब्रेसलेट. उरलेले सगळे छोटे, आणि त्यातही कानातली जास्त. कानातल्याला गळ्याचं किंवा मनगटाचं माप लागत नाही, भेट द्यायला सोपं आणि खिशाला परवडतं. एक अनपेक्षित वस्तूही ठेवा, जसं अंबाड्यात खोचायची जवाच्या फुलाची पिन. पहिल्या वेळी अंगठ्या टाळल्या तरी चालेल, मापांची डोकेदुखी मोठी असते.

मोठ्या माळेतला एखादा तुकडा छोट्या कानातल्यात जसाच्या तसा दिसला पाहिजे. एखाद्या ग्राहक बाईला आज ३५० रुपयांचं कानातलं घेता आलं आणि दिवाळीला त्याच घराण्यातली माळ घ्यावीशी वाटली, तर कलेक्शन जमलं.

पायरी ६: नमुना बनवा आणि घालून फिरा

प्रत्येक डिझाइनचा एक नमुना बनवा आणि तो स्वतः, बहिणीने, शेजारच्या काकूंनी रोजच्या दिवसात घालायचा. लोकलच्या गर्दीत, स्वयंपाकघरात, दुपट्ट्यासकट. दुपट्ट्यात अडकणारं टोक ग्राहकाच्या आधी आपल्याला सापडलं पाहिजे.

कानातल्यांसाठी छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. रोजच्या वापराचं कानातलं एका कानाला आठ ग्रॅमच्या आत ठेवा. त्याहून बरंच जड होत असेल तर आपल्याकडे जुना इलाज आहेच: कानाचे वेल. मोत्यांची बारीक सर कानातल्यापासून कानामागच्या केसांत अडकवली की भार वाटला जातो, आणि आपल्या कलेक्शनमध्ये ३ मिमी मोत्यांचा आणखी एक छान तुकडा येतो.

पितळ अंगावर हिरवट डाग सोडतं, ते त्यातल्या तांब्यामुळे. घामाच्या जागी, म्हणजे अंगठीच्या आत आणि ब्रेसलेटच्या आतल्या बाजूला, मुलामा चांगला हवा किंवा वरून पारदर्शक लॅकरचा हात हवा. कान खाजतो तो बहुतेक वेळा निकेलमुळे. हुक आणि काड्या तरी निकेलमुक्त घ्या. ९२५ चांदीच्या घेतल्या तर जोडीमागे थोडे पैसे वाढतात, पण परत आलेली कानातली त्याहून महाग पडतात. (९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बिलावर लिहायचं असेल तर माल खात्रीच्या ठिकाणचाच घ्या.)

पायरी ७: मागची बाजू आणि मापं

नवख्या आणि सरावलेल्या हातातला फरक पुढून कमी आणि मागून जास्त दिसतो. सगळ्या माळांना एकच तऱ्हेचा फासा किंवा एकच डोरी-गोंडा, सगळ्या कानातल्यांना एकाच मापाचे हुक, सगळ्या कड्या (तुकडे जोडणारे तारेचे छोटे गोल) एकाच जाडीच्या. पुढची डिझाइनं वेगळी असली तरी मागून सगळे सख्खे दिसले पाहिजेत.

तारेचा गेज, म्हणजे जाडीचा आकडा, समजून घ्या. आकडा वाढतो तशी तार बारीक होते. २० गेज साधारण ०.८ मिमी, कानातल्याच्या हुकाला हीच. २४ गेज साधारण अर्धा मिमी, जोडकामाला आणि लहान फासांना. २६ किंवा २८ गेज मणी गुंडाळण्यापुरती. तिच्यावर वजन टांगू नका. कडी उघडताना दोन पकडींनी टोकं पुढे-मागे वळवायची, बाहेर ओढायची नाहीत. ओढली की गोलाई बिघडते आणि फट राहते. फटीतून दोरा निसटतो.

मोती ओवताना प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला शिका. पटवेकराकडे दागिना गाठवून घेताना कधी उभ्या राहिला असाल तर त्यांचा हात आठवेल: दोऱ्याची सैल गाठ, तिच्यात सुईचं टोक, आणि सुईनेच गाठ सरकवत मोत्याला चिकटवून मग सुई काढून घ्यायची. माळ तुटली तर एकच मोती निसटतो, आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. गाठींमुळे लांबी वाढते, चाळीस मोत्यांच्या माळेला सहज तीन-चार सेंटिमीटर. म्हणून दोरा तयार माळेच्या तिप्पट धरा. दोऱ्याचा रंग कलेक्शनभर एकच. आपल्याकडे डाळिंबी, म्हणजे दोन मोत्यांच्या मधे लाल ठिपका डोकावतो आणि तीच आपली खूण होते.

आता मापं. गळ्यालगतच्या माळेचा पुढचा भाग तेरा-चौदा इंच आणि मागे सरकती डोरी ठेवली तर बहुतेक गळ्यांना बसते. चिंचपेटी आणि ठुशीला डोरी असते ती उगाच नाही. साधी माळ १८ इंच, लांब माळ २४ ते ३०. ब्रेसलेट सात इंच आणि पुढे इंचभर वाढीव साखळी.

बांगडी करायची तर एक घोळ आधीच समजून घ्या. २.४, २.६, २.८ हे दशांश नाहीत. २.४ म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास, सुमारे ५७ मिमी. २.६ सुमारे ६० मिमी, २.८ अडीच इंच. आणि २.१० ही २.८ पेक्षा मोठी, लहान नव्हे. ऑनलाइन मागणी घेताना ग्राहकाला तिच्या जुन्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये कळवायला सांगा.

प्रत्येक दागिन्याचं एक पान करा: चित्र, मण्यांची संख्या, तारेचा गेज, दोऱ्याची लांबी, तयार वजन, लागलेला वेळ. तीन महिन्यांनी "अशाच आणखी वीस जोड्या हव्यात" असा फोन आला की हे पान सोन्याच्या मोलाचं.

पायरी ८: किंमत

कानातल्याच्या एका जोडीचं गणित मांडू. साहित्य ७० रुपये, डबी आणि कार्ड २०. वेळ चाळीस मिनिटं. तासाला १२० रुपये धरले तर ८० रुपये. झाले १७०. वीज, प्रवास, फुटलेले मणी यांसाठी दहा टक्के, म्हणजे १८७. त्यावर ३० टक्के नफा, साधारण २४३. ही किंमत स्वतः विकलं तरच पुरते. दुकानात ठेवलंत आणि दुकानाने ३० टक्के कापले तर ३५० ला विकल्यावर हातात २४५ येतात. म्हणून किंमत पहिल्यापासून ३५०च ठेवा, घरून विकतानाही. घरी २५० आणि दुकानात ३५० असं झालं की दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही. नोंदणी केली असेल तर इमिटेशन दागिन्यांवरचा ३ टक्के जीएसटी वेगळा धरा.

स्वतःच्या वेळेचे पैसे न लावणं ही घरगुती उद्योगातली जुनी खोड. "घरबसल्या करते, वेळेचं काय" असं म्हणणाऱ्या मावशींना जास्तीची मागणी आली की मदतनीस ठेवता येत नाही, कारण तिच्या पगाराची जागाच किमतीत नसते.

कलेक्शनभर किमतीच्या तीन-चार पायऱ्या ठेवा, ३५०, ७५०, १८०० अशा. ३६५, ३८०, ४१० असे विखुरलेले आकडे ग्राहकाला बुचकळ्यात टाकतात.

पायरी ९: मांडणी, फोटो, वेळ

सगळे फोटो एकाच पार्श्वभूमीवर, खिडकीच्या उजेडात, सकाळी. न रंगवलेलं मांजरपाट कापड मोत्यांना आणि मॅट सोनेरीला छान उठाव देतं. प्रत्येक दागिन्याचा एक फोटो अंगावरचा हवाच, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. आणि एक फोटो सगळ्या कलेक्शनचा एकत्र. तो बघताना एखादा दागिना नजरेला खटकला तर विक्रीला लावण्याआधी काढा, कितीही जीव लावून केलेला असो.

नावं एका सुरातली ठेवा. आपल्याकडे ओंबी, कणीस, लोंबी, पेरा अशी शेतातली नावं चालतील. "रॉयल ब्युटी सेट ०४" नको.

वेळेचं म्हणाल तर मंगळागौर आणि गौरी-गणपतीसाठीचा माल श्रावण लागायच्या आत तयार हवा. नवरात्र-दिवाळीसाठी गणपती विसर्जनानंतर सुरुवात केलीत तर उशीर झालाच समजा. मुलामा चढवून देणारे कारागीर तोवर गळ्यापर्यंत बुडालेले असतात. प्रत्येक डिझाइनचे आधी पाचच नग काढा, मोठ्या माळेचे दोन. पहिल्या प्रदर्शनात कोणती वस्तू हातात घेतली गेली, कोणती घालून पाहिली आणि कोणती विकली, याच्या तीन वेगळ्या खुणा वहीत करा. हातात घेतली पण घातली नाही, तर बहुतेक वेळा वजन किंवा फासा आड येतो. घातली पण घेतली नाही, तर किंमत. हातातच घेतली नाही ती पुढच्या खेपेला गळली. तिचे मणी सोडवून पाकिटावर लॉटची तारीख लिहून ठेवा, दुरुस्तीला लागतील.